गाव मागं पडलं, कासरा घे

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि आज सकाळपासून घरात मी आणि आपला मधू दोघेच उरलो आहोत. मधू पोस्टात गेला आहे, नागपूरला ऑफिसात तार करून रजा वाढवून मागायला. मी अंगणात आपल्या दमणीत बसून हे लिहितो आहे. तुझ्या जागेवर बसलेलो नाही. तुझी जागा पुढची, बैलांच्या शेपट्यांजवळची. मी आत, छपराखाली, गादीवर, जिथे बसून मी तुझी पाठ आणि तुझ्या पाठीपलीकडचा सारा बुलढाणा जिल्हा पाहिला.

वर मायना काय लिहावा, हेच आधी सुचेना. पोरांना पत्राचा मायना शिकवण्यात माझी हयात गेली. वडिलांना काय, गुरुजींना काय, मामलेदारांना काय. बायकोला काय, हे पुस्तकात नव्हतं. आणि नाव तर घ्यायचंच नाही. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं, ते शेवटचं. जन्मभर तू मला ‘मास्तर’ म्हणालीस आणि मी तुला ‘ऐकलं का’. तू दर वेळी ऐकलंस असं नाही. तेव्हा मायना राहू दे. ऐकलं का, मी बोलतो आहे.

पेन्शन झाली त्या संध्याकाळी शाळेतल्या लोकांनी गळ्यात घातलेला हार तू खुंटीला अडकवलास आणि म्हणालीस, “आता बदलीचा हुकूम मी काढीन.” मला वाटलं, थट्टा आहे. पण तुझी ती थट्टा नव्हतीच. नागपूरच्या साहेबाची सही आली की वऱ्हाडातल्या मास्तरने बिऱ्हाड उचलायचं, असं आपण किती वर्षं केलं. चिखली, मेहकर, जळगाव जामोद, परत चिखली, शेवटी आपलं मलकापूर. कुठे चूल सरळ पेटायला लागली की हुकूम आलाच. “त्या नागपूरवाल्याले काय ठाऊक, माही चूल कुठी मांडली हाय ते,” असं पुटपुटत तू भांडी पोत्यात भरायचीस. म्हणून पेन्शनीनंतर बाकीचे मास्तर काशीला गेले, कोणी मळा केला, कोणी तपकीर ओढत ओट्यावर बसले, आणि तू मात्र भावाला निरोप धाडून त्याच्याकडे पडलेली जुनी दमणी मागवलीस.

“कुठी जाचं हाय आपल्याले?” मी विचारलं.

“हुकूम निघाल्यावर सांगीन,” तू म्हणालीस.

आणि खरंच सांगायचीस. दिवाळी झाली, थंडी पडली, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे यायला लागल्या की एखाद्या सकाळी ताटात भाकर वाढता वाढता म्हणायचीस, “मास्तर, तुमची बदली झाली. मेहकर.” मग दमणीत पीठ, डाळ, तिखट, तवा, दोन घोंगड्या, बैलांची सरकी-ढेप असं सगळं चढायचं, आणि मागच्या बाजूला दोरीने माझी सायकल टांगली जायची. बाजारात गंगूबाई माळीण आपल्या मळ्यातली भाजी घेऊन बसलेली असायची. तिच्याकडून वांगी घ्यायची, कारण पहिल्या मुक्कामाला रोडगेच व्हायचे. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, त्या वांग्यांची भाजी, वर कच्चा कांदा. मधू आम्हाला म्हणायचा, “बाबा, या वयात लोक तीर्थयात्रा करतात. तुम्ही दोघं नुसते हिंडता.” तू त्याला सांगितलंस, “नुसतंच हिंडाचं राह्यलं होतं बाप्पा, तेच करून राह्यलो.”

माझ्या सायकलीला तू ‘तुमचं लोखंडी खोंड’ म्हणायचीस. मुक्कामावर बैल सोडले, त्यांच्यापुढे कुटार टाकलं, चहा झाला की मी ती खाली उतरवायचो आणि तू मागे बसायचीस, पदर दातात धरून, एका बाजूला पाय सोडून. गाडीवाटेने, शेताच्या धुऱ्याने, एखाद्या देवळापर्यंत किंवा विहिरीपर्यंत जायचं आणि परत. तेवढंच. आणि त्या तेवढ्यात तू सारखी म्हणायचीस, “हळू. हळू मास्तर. कोण पोट्टे लागले हायेत मागं?” माझ्याबरोबर निघालेली म्हातारी माणसं काठी टेकत पुढे निघून जायची इतका मी हळू चालवायचो, तरी तुझं ‘हळू’ संपायचं नाही. चेन पडली की तुला फार आनंद व्हायचा. “लंगडलं का खोंड?” असं विचारून तू खाली उतरून तूर सोलून खात उभी राहायचीस.

पण दमणी तू हाकायचीस. हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं. मी मलकापूरच्या बाजारात वाढलेला माणूस. बैलाच्या कोणत्या बाजूने उभं राहावं ते मला अजून कळत नाही. तू वरवट बकालच्या शेतकऱ्याची लेक, परकर नेसायच्या वयात कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगला जाणारी. कासरा तुझ्या हातात आला की तो दोर आहे असं वाटायचंच नाही. तू ओढायची नाहीस, मारायची नाहीस. नुसतं बोलायचीस. हौशाशी एक बोलणं, मुन्सफाशी वेगळं. मुन्सफ हे नाव मी ठेवलं होतं, कारण तो प्रत्येक पाऊल टाकण्याआधी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतल्यासारखा थांबायचा.

आणि मग गाव यायचं.

पहिल्या सफरीला पहिलं गाव आलं, तशी तू वेशीच्या अलीकडे एका बाभळीखाली दमणी थांबवलीस. खाली उतरलीस. कमरेच्या पिशवीतून गुळाचे खडे काढलेस. एक हौशाला दिलास, एक मुन्सफाला, आणि तिसरा माझ्या हातावर ठेवलास. वर कासरा ठेवलास, क्षणभर माझा हात तसाच धरलास. “गाव आलं. घ्या,” म्हणालीस, आणि आत जाऊन डोक्यावरून पदर ओढून बसलीस. मी कसाबसा ते गाव पार केलं. बैलांनीच केलं म्हण. गावापलीकडे गेल्यावर तू आतून हाक दिलीस, “गाव मागं पडलं.” मी थांबवली. परत गूळ, परत तिसरा खडा माझा, आणि कासरा तुझ्या हातात. मग हे दर गावाला. बैल इतके शिकले की वेस दिसली की आपणहून थांबायचे, गाव सरलं की आपणहून थांबायचे, आणि मान वळवून पिशवीकडे बघायचे.

आपला सगळा वाद एवढ्यावरच. मी म्हणायचो, हाकतेस तर गावातून हाक. तू म्हणायचीस, नाही.

“काऊन?”

“नाई म्हंजे नाई.”

“अवं, पण काऊन?”

एकदा म्हणालीस, “गावात ऊन लागते मले.” मी म्हटलं, “गावात लागते अन् रानात नाही?” तर म्हणालीस, “तुमी मास्तर लोक लय सवाल करता.” एकदा म्हणालीस, “तुमी कासरा धरून बसता तवा मान कशी ताठ होते तुमची, मले पाह्याले बरं वाटते.” ते ऐकून मी दोन गावं खूश होतो, मग लक्षात आलं की हेही उत्तर नव्हे. कधी मला वाटायचं, तू माझी इज्जत राखते आहेस. बायको गाडी हाकते आणि हेडमास्तर गादीवर लोळतो असं लोकांनी म्हणू नये म्हणून. कधी वाटायचं, तुला स्वतःलाच लाज वाटते. पण लाजणारी बाई तू नव्हतीस. चिखलीला शाळा तपासायला आलेल्या साहेबाला तू दारातून सांगितलं होतंस की मास्तर जेवून राह्यले, बसा. तो बसला होता.

लोणारला तर भांडणच झालं. तळ्याच्या काठावर सायकल झाडाला टेकवून आपण दोघं खाली उतरलो, धारेखाली तू डोकं भिजवलंस, आणि वर येता येता अर्ध्या वाटेत धापा टाकत बसलीस. मी तुला सांगत होतो की हे तळं म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, भूगोलाच्या पुस्तकात आहे. तू म्हणालीस, लवणासुर इथे खाली राहत होता आणि विष्णूने पायाने त्याच्या घराचं झाकण उडवलं. “तुमच्या त्या ज्वालामुखीले कोणी पाह्यलं? लवणासुराले देवानं तरी पाह्यलं.”  मग मी उगाच जुना विषय काढला. म्हटलं, “माही इज्जत आता कोण विचारते? पेन्शनी मास्तर मी. एक डाव मलकापुराच्या बाजारातून हाक, भर दुपारी. पाहू दे लोकाईले.”

तू माझ्याकडे बघितलंस. डोक्याचं पाणी अजून गळत होतं. “हाकीन न एक दिवस,” म्हणालीस. “तुमी गाडीत नसान तवा.”

मी चिडलो. माझ्या कानाला ते अभद्र वाटलं. बायकोने असं बोलावं का, आणि तेही तीर्थावर? मी बोललो काही तरी.  मेहकरपर्यंत आपण बोललो नाही. तू बैलांशी बोललीस फक्त, आणि मला ऐकू जावं एवढ्या मोठ्याने. “मुन्सफा, तुले तरी समजते रे बाप्पा,” असं. मेहकरच्या वेशीला मात्र तिसरा खडा माझ्या हातावर आलाच. त्यानंतर तो विषय तूही काढला नाहीस, मीही काढला नाही. मी ठरवलं होतं की एकदा नीट विचारीन. तुझ्या मनात तेव्हा नेमकं काय होतं, ते विचारीन. वेळ आहे असंच वाटायचं. माणूस पेन्शनीत निघाला की त्याला वाटतं, आता वेळच वेळ.

या खेपेचा हुकूम वरवट बकालचा होता. “माहेरी बदली,” तू म्हणालीस, आणि तीनदा हसलीस. हुरड्याचे दिवस. किसनच्या शेतात आगटी पेटवून तुम्ही दोघं बहीणभाऊ कणसं भाजत बसलात आणि लहानपणीचं कोणाचं तरी म्हशीवरून पडणं आठवून इतके हसलात की किसनच्या बायकोला ठसका लागला. मी जरा दूर सायकल पुसत होतो. तू ओरडून म्हणालीस, “मास्तर, ते खोंड धुऊन काय दूध देणार हाय? या न इकडे.” मी आलो. तू तळहातावर हुरडा चोळून, फुंकर घालून मला दिलास. संध्याकाळी म्हणालीस, छातीत कळ येते, हुरडा बाधला असेल. ओवा खाल्लास. पहाटे किसनच्या बायकोने मला उठवलं. तुझा हात अजून ऊन होता. मी तुला हाक मारली, ‘ऐकलं का’ अशी. मला दुसरी हाक येतच नव्हती.

मधूला तार गेली, पण नागपूरहून त्याला पोचणं शक्य नव्हतं. अग्नी मीच दिला. तुझ्या बापाच्या शेताच्या कडेला, जिथून तू लहानपणी बोरं पाडायचीस ती बोरी दिसते.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचल्या. किसनने मडकं नव्या लाल कापडात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. आता मधू परस्पर मलकापूर स्टेशनवर येणार होता आणि तिथून रेल्वेने नाशिकला गंगेवर न्यायचं ठरलं होतं. किसन म्हणाला, “भाऊजी, तुमी मोटरीनं जा. लढाईपायी पेट्रोल नाई, कोयशाच्या ग्यासवर चालून राह्यली, पण चालते. दमणी मी मागून धाडतो मानसासंगं.”

“नाही,” मी म्हटलं. “ती दमणीनंच येईल.”

“तुमाले हाकता येते का?”

“नाही येत.”

“मंग?”

 किसन भला माणूस आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, बैल जुंपून दिले, सायकल मागे बांधून दिली, आणि कासरा माझ्या हातात देताना त्याचं तोंड वाकडं झालं. मोठी बहीण होतीस तू त्याची. चालायला तूच शिकवलं होतंस.

अस्थींचं मडकं भुईला टेकवायचं नसतं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून मी ते छपराच्या पुढच्या कमानीला टांगलं, बरोबर तुझ्या जागेवर, तू बसलीस की जिथे तुझे हात यायचे तिथे. आणि आत बसून कासरा धरला. बैल निघाले. गावातून नीट गेले. देवळाशी बायका उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. गाव संपलं, शेवटचं घर गेलं, उकिरडे गेले, आणि हौशा-मुन्सफ एका बाभळीखाली येऊन थांबले.

मी म्हटलं, चला. हलेनात. मी कासरा हलवला. हौशाने मान वळवली आणि मागे पाहिलं. मग मुन्सफाने पाहिलं. ते तुझी वाट पाहत होते. गाव मागं पडलं होतं, आता कासरा तुझा होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो. त्या बाभळीखाली मी रडलो. आधी रडलो नव्हतो, चितेपाशीही नाही. तिथे लोक होते. इथे दोन बैल होते आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघत राहणं काही सोडलं नाही.

मग खाली उतरलो. तुझी पिशवी गादीखाली होती, गूळ होता तिच्यात. एक खडा हौशाला, एक मुन्सफाला. तिसरा मी हातावर घेऊन उभा राहिलो, कारण तो आजवर मी स्वतः कधी घेतला नव्हता. मग तोंडात टाकला. आणि कासरा त्या लाल कापडाच्या गाठीत अडकवला. “गाव मागं पडलं,” मी म्हटलं, “कासरा घे.”

बैल चालायला लागले.

तू म्हणशील, त्यांना रस्ता ठाऊक होता म्हणून चालले. असेल. पण तुझ्यासारखं कोणी त्यांच्याशी बोललं तर पाहिजे, आणि मला बैलांशी काय बोलावं ते येत नाही. म्हणून मी पाढे म्हटले. बे एके बे पासून सुरू केलं. पाढे संपले तशी पावकी धरली, मग निमकी, मग दीडकी. मुन्सफाला दीडकी आवडली असं मला वाटलं. कान हलवत होता. समोरून कापसाच्या गाड्या आल्या, गाडीवाल्यांनी पाहिलं की कासरा मडक्याला बांधला आहे आणि आत एक म्हातारा पाढे म्हणतो आहे. त्यांनी आपल्या गाड्या मुकाट्याने रस्त्याखाली घेतल्या.

गाव आलं की बैल थांबायचे. मी गाठीतून कासरा काढून घ्यायचो. गाव सरलं की थांबायचे, आणि मी परत अडकवायचो. आपली रीत मी मोडली नाही.

पूर्णेच्या काठी मुक्काम केला. बैल सोडायला दोन्ही हात लागतात, आणि मोकळ्या दमणीचं तोंड खाली कलतं, म्हणून तुला कुठे ठेवावं हे कळेना. झाड लांब होतं. शेवटी सायकल उभी केली आणि मडकं हँडलला अडकवलं. बाजारातून कोणी दही आणावं तसं ते दिसत होतं. तू हसली असतीस. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. उन्हं उतरली होती, पाण्यावर अजून उजेड होता, आणि मला वाटलं, आता सायकल उतरवलीच आहे तर एक फेरी होऊन जाऊ दे. नदीच्या कडेकडेने उतारापर्यंत नेली तुला आणि परत आणली. हळू. इतका हळू की दोनदा पाय टेकवावा लागला. ‘हळू’ म्हणणारं मागे कोणी नव्हतं, आणि जोरात जाण्यात मला काही गोडी उरली नव्हती. रात्री तुला लिंबाच्या फांदीला बांधून मी खाली पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मलकापूर आलं. नाल्याअलीकडच्या आपल्या बाभळीखाली बैल थांबले. मी गूळ दिला. गाठीतला कासरा काढायला हात पुढे केला, आणि तुझं लोणारचं बोलणं आठवलं. हाकीन न एक दिवस. तुमी गाडीत नसान तवा.

इतके दिवस मी त्यात माझं मरण ऐकत होतो. तू तसं म्हटलंच नव्हतंस. गाडीत नसान, एवढंच म्हटलं होतंस. मी हात मागे घेतला. सायकल सोडली, हातात धरली, आणि बैलांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. दमणीत तू होतीस, तुझ्या जागेवर, आणि कासरा तुझ्याकडे होता. मी दीडकी सुरू केली. बैलांना नवल वाटलं असावं. मुन्सफाने बराच वेळ विचार केला. मग तू मलकापुरात शिरलीस.

भर दुपार होती. बाजार गच्च भरलेला. सरकीची पोती घेऊन हमाल धावत होते, कापडवाल्याने गज हातातच धरून आपल्याकडे पाहिलं. माझ्या हाताखालून शिकून गेलेले, आता मिशा आलेले किती तरी लोक दुकानांतून उठून पायरीवर आले. कोणी हसलं नाही. कोणी विचारलंही नाही, मास्तर, तुम्ही गाडीत का बसला नाहीत म्हणून. एक टांगेवाला खाली उतरला आणि त्याने आपल्या घोड्याचं तोंड धरून वाट दिली.

गंगूबाई माळीण आपल्या टोपल्यापाशी उभी राहिली. तिच्या लक्षात सगळं आलं होतं, लाल कापड पाहून कोणाच्या येणार नाही? तिने डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, अगदी हळू, “गाडी कोन हाकून राह्यलं, मास्तर?”

मी म्हटलं, “अनसूया.”

माझ्या तोंडून ते नाव भर बाजारात असं मोठ्याने निघालं. उखाणा नव्हता, काही नव्हतं. अनसूया. मला ते नवंच ऐकू आलं.

गंगूबाईने मान हलवली. “हाव,” म्हणाली. “दरवेळेस त्याच तर हाकत. माहा मळा नाल्याजवळच हाय न, बाभळीखाली तुमी थांबत, मले समदं दिसे. त्या गूळ देत, तुमाले देत. साऱ्या बाजाराले ठाऊक होतं मास्तर. अनसूयाबाईले म्या एक डाव म्हटलं बी, हाका न गावातून, कोन खाते तुमाले? तर हासल्या नुसत्या.”

मी सायकल धरून उभाच राहिलो. बैल मात्र थांबले नाहीत, ते तुझं ऐकून स्टेशनकडे वळले होते. मला धावत जावं लागलं.

स्टेशनच्या आवारात मधू उभा होता. बाबा मोटारीने का आले नाहीत, गाडी चुकली असती तर काय केलं असतं, असं बोलायचं त्याच्या तोंडावर होतं. त्याने दमणी पाहिली, कासरा पाहिला, आणि लहान पोरासारखा तोंडावर हात ठेवून तिथेच उभा राहिला. गाठ मीच सोडली. तुझ्याकडून कासरा घेतला. तू ‘घ्या’ म्हणाली नाहीस एवढाच फरक होता. मडकं मधूच्या हातात दिलं, बैल गंगूबाईच्या मळ्यात पोचवले, आणि आम्ही तुला रेल्वेने नाशिकला नेलं. रेल्वे तुला कधीच आवडली नाही. खिडकीशी धरलं होतं तुला.

मधू म्हणतो, आता बैल किसनमामाला देऊन टाका आणि नागपूरला चला. प्रेमाने म्हणतो, त्याला रागावू नकोस. मी त्याला सांगितलं, माझी बदली तुझ्या आईच्या हातात आहे. 

पण मला तुझ्याशी एवढंच बोलायचं आहे. साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. गंगूबाईने तुला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे लोकांसाठी ते नव्हतं. माझ्या इज्जतीसाठीही नव्हतं. मग अनसूया, दर वेशीला खाली उतरून, गुळाचा तिसरा खडा माझ्या हातावर ठेवून, वरून कासरा ठेवून, क्षणभर तशीच हात धरून उभी काऊन राहत होतीस?

उद्या सकाळी बैल जुंपून नाल्यापर्यंत जाणार आहे. बाभळीखाली ते थांबतील. तिथे तुला पुन्हा एकदा विचारीन.